सभेच्या आधीच सभा झालेली असते: अजेंडा वाचायचा कसा आणि आपला विषय त्यात घालायचा कसा

सभा म्हटलं की आपण बोलणाऱ्याकडं बघतो. कोण तावातावानं बोललं, कुणी माईक ओढून घेतला, कोण उठून गेलं, दुसऱ्या दिवशी पारावर चर्चा त्याचीच. पण ग्रामसभा असो, सोसायटीची वार्षिक सभा असो नायतर साखर कारखान्याची जनरल बॉडी, निम्म्याहून जास्त काम त्याच्या आधीच उरकलेलं असतं, जेव्हा ऑफिसात कुणीतरी कॉम्प्युटरवर विषय क्रमांक एक, दोन, तीन टाईप करत असतो तेव्हा. कुठला विषय घ्यायचा, कुठला वगळायचा, कुठला आधी, कुठला लोक उठून जायच्या वेळेला, आणि तो कुठल्या शब्दांत, हे ज्यानं ठरवलं त्यानं सभा ठरवली. बाकीच्यांनी हात वर करायचे एवढंच उरतं.

सातारा-सांगलीत सभांना तोटा नाही. विकास सोसायटी, दूध संस्था, पाणीपुरवठा संस्था, पतसंस्था, शाळा व्यवस्थापन समिती, तंटामुक्ती समिती, वर कारखाना आणि बँक, एकेक माणूस चार-पाच ठिकाणचा सभासद असतो. सप्टेंबर आला की अहवालांची पुस्तकं आणि नोटिसा घरात येऊन पडतात आणि तशाच न उघडता रद्दीत जातात. माझं म्हणणं एवढंच की तो कागद उघडा, तो वाचायची एक पद्धत आहे, आणि पुढच्या खेपेला त्यात आपला एक विषय नंबर घालून यायला पाहिजे. ते कसं करायचं ते सगळं खाली लिहितोय, सावकाश वाचा.

आधी नोटीस वाचायला शिका

ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लागलेली नोटीस डोळ्यासमोर आणा. बहुतेक गावांत ती अशीच असते: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. जमाखर्चास मंजुरी देणे. शासनाकडून आलेल्या परिपत्रकांचे वाचन करणे. वित्त आयोगातील कामांबाबत चर्चा करणे. आलेल्या अर्जांवर विचार करणे. आणि शेवटी, मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणाऱ्या विषयांवर चर्चा करणे.

आता प्रत्येक ओळीचा शेवट बघा, कारण सगळी मेख तिथं आहे. "मंजुरी देणे" असेल तर कागद आधीच तयार आहे, तुमची फक्त मान हलवायची बाकी आहे, त्यामुळं तो कागद सभेच्या आधी बघायला मागायचा. "अवलोकन करणे" किंवा "माहिती घेणे" असेल तर काम होऊन गेलंय, आता नुसतं कळवतायत. "चर्चा करणे" असेल तर चर्चा होईल आणि ठराव होणार नाही, हे जवळपास धरून चाला. "विचार करणे" म्हणजे पुढच्या सभेवर ढकलायची सोय. "निर्णय घेणे" किंवा "ठराव करणे" हे शब्द जिथं असतील तिथंच खरं काहीतरी ठरणार असतं, आणि अशा ओळी किती आहेत ते मोजा. सहा-सात विषयांत एकही नसेल तर ती सभा फक्त रजिस्टर भरायला बोलावलीय.

पहिला विषय लोक झोपेत ऐकतात. इतिवृत्त, ज्याला सगळे प्रोसिडिंग म्हणतात, ते भरभर वाचलं जातं, कुणीतरी मागून "वाचलं म्हणून समजा" म्हणतं आणि पुढं जातात. असं करू नका. मागच्या सभेत तुम्ही कितीही बोलला असाल, प्रोसिडिंगमध्ये नसेल तर बीडीओ (गटविकास अधिकारी), सहकार खात्याचा निबंधक, कोर्ट यांच्या लेखी तुम्ही बोललाच नाही. दुरुस्ती करायची जागा हीच आहे, "कायम" झाल्यावर मग भांडत बसावं लागतं. त्यामुळं वेळेवर जायचं, पहिल्या विषयाला हजर राहायचं, आणि चुकीचं लिहिलं असेल तर तिथंच उभं राहून दुरुस्तीची नोंद घ्यायला लावायची.

शेवटच्या विषयाचं उलट आहे. आयत्या वेळचे विषय ही सोय आहे, कुणाच्या सत्काराला, अभिनंदनाच्या ठरावाला, अचानक आलेल्या एखाद्या पत्राला. पण मोठ्या खर्चाचा किंवा जागा भाड्यानं द्यायचा विषय तिथं आला, निम्म्या खुर्च्या रिकाम्या झाल्यावर आला, तर उठून स्पष्ट म्हणायचं की हा विषय नोटिशीत नव्हता, पुढच्या सभेला नंबर घालून घ्या, आणि माझा विरोध नावानिशी नोंदवा. आवाज चढवायची गरज नाही. "नावानिशी नोंदवा" हे दोन शब्द पुरतात.

कायद्यानं तुमच्या हातात काय दिलंय

हा भाग थोडा रुक्ष वाटेल पण पाठ करण्यासारखा आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम 1958 प्रमाणं आर्थिक वर्षात किमान 4 ग्रामसभा घ्याव्या लागतात. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या तारखा आपल्याकडं रुळलेल्या आहेत. ठरलेल्या सभा पुरेशा कारणाशिवाय घेतल्या नाहीत तर सरपंचाच्या पदावर गदा येऊ शकते. नियमित सभेची नोटीस 7 दिवस आधी पाहिजे. कोरम, म्हणजे सभा चालवायला लागणारी किमान हजेरी, एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 माणसं, यातलं जे कमी असेल ते. आणि ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते, ती बऱ्याच ठिकाणी फक्त रजिस्टरवर होते, त्याबद्दल पुढं बोलू.

आर्थिक वर्षातली पहिली ग्रामसभा तर सोडूच नका. कलम 8 प्रमाणं त्या सभेपुढं गेल्या वर्षाचा हिशेब, कारभाराचा अहवाल, चालू वर्षात घ्यायची कामं आणि शेवटच्या ऑडिटची टिपणी त्याच्या उत्तरांसकट ठेवायची असते. हे नोटिशीत दिसलं नाही तर आठवण करून द्यायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

कोरमचा एक डाव ओळखून ठेवा. माणसं भरली नाहीत की सभा तहकूब होते आणि तहकूब झालेल्या सभेला कोरम लागत नाही. म्हणजे पहिल्या दिवशी लोक कंटाळून घरी जातात आणि पुढच्या तारखेला पंधरा-वीस माणसांत सगळं मंजूर होतं. उपाय सोपा आहे, तहकूब सभेची तारीख लिहून घ्या आणि त्या दिवशी आपली माणसं घेऊन जा. तिथं विषयही मूळ नोटिशीतलेच चालतात, नवा विषय घुसवला तर हरकत घ्या.

सहकारी संस्थांचं महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 वर चालतं. वार्षिक सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून 6 महिन्यांत, म्हणजे 30 सप्टेंबरच्या आत घ्यायची. नोटीस साधारण 14 दिवस आधी द्यायची असं पोटनियमात, म्हणजे संस्थेच्या स्वतःच्या नियमांत असतं, तुमच्या संस्थेचं पोटनियमाचं पुस्तक एकदा मागून घ्या. पोटनियम बदलायचे तर सभेत हजर राहून मत देणाऱ्यांचं दोन तृतीयांश बहुमत लागतं. कलम 32 प्रमाणं सभासदाला ताळेबंद, सभासद यादी, सर्वसाधारण सभेची आणि संचालक मंडळाची प्रोसिडिंगं ऑफिसच्या वेळेत फुकट बघता येतात, हे बऱ्याच सभासदांना माहीतच नसतं. आणि संचालक ऐकतच नसतील तर कलम 76 प्रमाणं एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली की विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी लागते. एवढ्या सह्या मोठ्या कारखान्यात जमवणं अवघड, पण गावच्या दूध संस्थेत किंवा पाणी संस्थेत दोन संध्याकाळचं काम आहे.

ग्रामपंचायतीचा कागद मिळत नसेल तर माहिती अधिकार 2005 आहेच, 10 रुपये फी आणि 30 दिवस.

आता आपला विषय लिहायचा

इथं लोक सगळ्यात जास्त कच्चे पडतात. अर्जात लिहितात, "गावातील पाण्याच्या समस्येबाबत." बरं, मग? त्यावर ग्रामसभेत सगळे बोलतात, पाणी सोडणाऱ्या माणसाला शिव्या बसतात, कुणीतरी टँकरच्या काळातल्या आठवणी काढतं, आणि प्रोसिडिंगमध्ये येतं, "सदर विषयावर सविस्तर चर्चा झाली." संपला विषय.

त्याच्याऐवजी असं लिहा: "वरच्या आळीतील घरांना आठवड्यातून दोनच वेळा पाणी मिळते. टाकीपासून वरच्या आळीपर्यंत स्वतंत्र पाईपलाईन वित्त आयोगाच्या बंधित निधीतून घेण्याचा व त्याचे अंदाजपत्रक पुढील सभेपूर्वी तयार करून घेण्याचा ठराव करणे." यात अडचण आली, काम आलं, पैसा कुठनं येणार ते आलं, मुदत आली आणि शेवटी ठराव करणे आलं. पैशाचं नाव घेणं सगळ्यात महत्त्वाचं, कारण "निधी नाही" हे एकच उत्तर सगळ्या विषयांना मारतं. 15 व्या वित्त आयोगानं ग्रामपंचायतींच्या पैशातला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेला बांधून दिला आणि 40 टक्के मोकळा ठेवला, त्यामुळं पाण्याचा विषय मांडताना बंधित निधी हा शब्द तुमच्या तोंडात असला की समोरचा सावरून बसतो.

अर्ज दोन प्रतींत करायचा, एकावर पोच घ्यायची, शिक्का आणि तारखेसकट. एकट्याच्या सहीपेक्षा त्या आळीतल्या दहा घरांच्या सह्या पाहिजेत. आणि नोटीस निघायच्या आधी द्यायचा, नोटीस लागल्यावर दिलेला अर्ज आयत्या वेळच्या विषयात जातो. ग्रामसेवकाशी बोलणं बहुतेक असं होतं:

"भाऊसाहेब, हा विषय येत्या ग्रामसभेला घ्या."

"आण्णा, आयत्या वेळच्यात घेऊ की, अर्ज कशाला देताय?"

"नको भाऊसाहेब, नंबर घालून घ्या. आणि एवढी पोच द्या म्हणजे झालं."

ग्रामसेवकाशी भांडून उपयोग नसतो (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात), त्याच्यावर चारी बाजूंनी ओझं असतं, नीट तयार विषय दिला तर उलट त्याचं काम हलकं होतं. मी तर म्हणतो ठरावाचा मसुदासुद्धा आपणच लिहून न्यावा, कारण सभेच्या गडबडीत ठराव कोण लिहीत बसणार, जो तयार असतो तोच चिकटवला जातो.

सूचक (ठराव मांडणारा) आणि अनुमोदक (त्याला पाठिंबा देणारा) आधी ठरवा. दोघंही एकाच भावकीतले, एकाच गटाचे नकोत, नायतर विषय पाण्याचा राहत नाही, पार्टीचा होतो. शक्य असेल तर समोरच्या गटातला एखादा समंजस माणूस अनुमोदक म्हणून घ्या, त्याच्या घरी जाऊन चहा घेऊन बोला. सभेत पहिल्यांदा ऐकलेल्या गोष्टीला माणूस आधी नाही म्हणतो, घरी ऐकलेल्या गोष्टीचा तो विचार करतो.

आणि महिला ग्रामसभा. ही खरी घेतली गेली तर गावाचा अजेंडा बदलतो, हे मी ठामपणे सांगतो. मुख्य ग्रामसभेत बायका मागच्या बाजूला बसतात, सासरे-दीर समोर असतात, बोलणं होत नाही. तेच बचत गटाच्या मीटिंगला जोडून महिला सभा ठेवा, आक्का-वहिनी एका दमात दहा विषय सांगतील: शाळेच्या स्वच्छतागृहाला पाणी नाही, गल्लीच्या टोकाला लाईट नाही, अंगणवाडीचं छत गळतंय, दारूचा अड्डा बसस्टॉपजवळ आहे. तिथं झालेला ठराव मुख्य सभेच्या नोटिशीत "महिला सभेच्या ठरावांवर निर्णय घेणे" असा स्वतंत्र नंबर घालून आणायचा. आपल्या राज्यात पंचायतींमध्ये निम्म्या जागा महिलांना आहेत, मग त्यांच्या सभेचे ठराव आलेल्या अर्जांच्या ढिगात का घालायचे?

क्रम कोण लावतो त्यावर लक्ष ठेवा

हा मुद्दा थोडा डोक्याला ताण देणारा आहे पण कागद-पेन घेऊन करून बघा. समजा एकाच कामाला पैसा आहे आणि तीन पर्याय आहेत: रस्ता, गटार, शाळेची खोली. गावात तीन आळ्या, मतं सारखी. वरच्या आळीला आधी रस्ता, मग गटार, मग शाळा पाहिजे. मधल्या आळीला आधी गटार, मग शाळा, मग रस्ता. खालच्या आळीला आधी शाळा, मग रस्ता, मग गटार.

अध्यक्षानं आधी रस्ता की गटार यावर हात वर करायला सांगितले तर दोन आळ्या रस्त्याला, गटार बाद. मग रस्ता की शाळा, तर दोन आळ्या शाळेला. शाळा जिंकली. आता क्रम बदला, आधी गटार की शाळा. गटार जिंकतं. मग गटार की रस्ता, रस्ता जिंकला. तिसरा क्रम, आधी शाळा की रस्ता, शाळा जिंकते, मग शाळा की गटार, गटार जिंकलं. लोक तेच, मतं तीच, कुणी खोटं बोललं नाही, पैसे वाटले नाहीत, तरी निकाल तीन. ज्याला क्रम लावता येतो त्याला निकाल लावता येतो. म्हणून दोन-दोन पर्यायांवर मत घ्यायला लागले की थांबवा, म्हणा की तिन्ही पर्याय एकदम फळ्यावर लिहा, प्रत्येकाचा खर्च आणि किती घरांना उपयोग ते समोर लिहा, मग आळीवार आधी ऐकून घ्या आणि मग मत घ्या. त्यानं गुंता पूर्ण सुटेल असं नाही, पण निदान सगळ्यांना गुंता दिसतो.

वेळेचा क्रमही तसाच. अवघड विषय शेवटी ठेवला की दमलेली माणसं काहीही मंजूर करतात. आणि छोट्या विषयांचा एक धोका असतो, चहा-नाष्ट्याच्या बिलावर अर्धा तास जातो आणि कोट्यवधीचा ताळेबंद दोन मिनिटांत मंजूर होतो, कारण चहाचा हिशेब सगळ्यांना कळतो आणि ताळेबंदावर बोलायला माणूस घाबरतो. कारखान्याच्या सभेत तर मंडपात पुढच्या ओळींतनं "मंजूर, मंजूर" सुरू झालं की विषयाचं वाचनसुद्धा ऐकू येत नाही. तिथं माईकसाठी झटापट करण्यापेक्षा आठ दिवस आधी लेखी प्रश्न द्या, मोजकेच, आकड्यांचे: कर्ज गेल्या वर्षी किती होतं, या वर्षी किती, तोडणी-वाहतुकीचा खर्च टनामागं किती, एफआरपी (सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर) कायद्यातल्या 14 दिवसांच्या मुदतीत दिली का. प्रश्न आणि उत्तर दोन्ही प्रोसिडिंगला जोडा अशी मागणी करा. गोंगाटात बोललेलं विरून जातं, लेखी प्रश्नाला लेखी उत्तर द्यावं लागतं नायतर टाळलं हे तरी कागदावर दिसतं.

गावाबाहेरचा अजेंडा

हेच सगळं वर मुंबई-दिल्लीला मोठ्या मापात चालतं. विधिमंडळात कुठला विषय कधी घ्यायचा आणि त्याला किती वेळ द्यायचा ते कामकाज सल्लागार समिती ठरवते. अधिवेशनात गोंधळात दिवस गेले की संसदेत अर्थसंकल्पातल्या उरलेल्या मागण्या शेवटच्या दिवशी चर्चेशिवाय एकदम मताला टाकतात, त्याला गिलोटीन म्हणतात. म्हणजे चर्चा कशावर झाली नाही हे बघायची सवय लागली पाहिजे, ते बातमीत येत नाही.

बातमीचंही तसंच. अमेरिकेत 1968 च्या अध्यक्षीय निवडणुकीवेळी मॅककोम्ब्स आणि शॉ या दोन अभ्यासकांनी चॅपल हिल गावात मत न ठरलेल्या 100 मतदारांना विचारलं की तुमच्या मते महत्त्वाचे प्रश्न कुठले, आणि ती यादी पेपर-टीव्हीनं ज्या विषयांना जास्त जागा दिली होती त्याच्याशी जवळजवळ तंतोतंत जुळली. 1972 साली तो अभ्यास छापून आला. आज आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सकाळी सात वाजता काय पडतं आणि दिवसभर पानटपरीवर कशावर बोलणं होतं हे एक आठवडा लिहून ठेवा, तुम्हाला वेगळा अभ्यास लागणार नाही.

पण आपल्या मातीत याच्या उलटी उदाहरणं आहेत, म्हणजे खालच्या माणसांनी वरचा अजेंडा बदलल्याची, आणि मला त्यांचा मनापासून अभिमान आहे. वि. स. पागे तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे, पुढं विधान परिषदेचे सभापती. दुष्काळ पडला की सरकारपुढं विषय असायचा मदत किती द्यायची. पागेंनी विषयच बदलला, काम मागणाऱ्याला काम मिळणं हा त्याचा हक्क आहे की नाही? विसापूरला आधी करून बघितलं, 1972 च्या दुष्काळात ती राज्याची योजना झाली, 1977 ला रोजगार हमीचा कायदा झाला आणि 2005 ला देशाचा कायदा आला. विसापूरच्या शिवारातला विषय संसदेच्या पत्रिकेवर गेला.

तसंच येरळा नदीचं. खानापूर भागात नदीतली वाळू उपसली जात होती आणि विहिरी आटत होत्या, त्या वेळी बलवडी-तांदुळवाडीच्या लोकांनी मुक्ती संघर्ष चळवळीबरोबर बळीराजा धरण उभं केलं. धरण कधी होणार एवढंच विचारून ते थांबले नाहीत. पाणी जमिनीच्या हिशेबानं द्यायचं की कुटुंबाच्या, आणि ज्याला जमीनच नाही त्याचा वाटा किती, हा विषय त्यांनी मांडला. तो मांडल्यामुळंच पुढं आटपाडीच्या पाणी परिषदांमध्ये समान पाणीवाटप हा शब्द रुजला, नायतर टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांची चर्चा कुठल्या पंपाला किती अश्वशक्ती एवढ्यावरच राहिली असती. ऊसदराचंही बघा, कारखान्यांच्या सभांत दराचा विषय घेत नव्हते म्हणून शेतकऱ्यांनी जयसिंगपूरला स्वतःची ऊस परिषद भरवली आणि हंगामाच्या तोंडावर कारखानदारांना त्यांच्या आकड्यावर बोलावं लागलं. आत विषय घेत नसतील तर बाहेर सभा भरवता येते.

आणि काही विषय कुणाच्याच पत्रिकेवर येत नाहीत. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं, तिथं धोक्याची पातळी 45 फूट आहे. तेव्हापासून पाऊस वाढला की कर्नाटकातल्या आलमट्टी धरणाचा विषय निघतो आणि निघालाच पाहिजे, पण पूररेषेच्या आत बांधकामांना परवानग्या कशा मिळतात हा विषय त्याच जोरानं निघत नाही, कारण त्याचं उत्तर शेजारच्या राज्यात नाही, आपल्याच ऑफिसात आहे. त्याहून जिव्हारी लागणारं म्हणजे ऊसतोड मजुरांचं. बीडकडनं, मराठवाड्यातनं येतात, हंगामभर आपल्या शिवारात पालं ठोकून राहतात, त्यांच्या बायकांना अंघोळीला आडोसा नाही, पोरांची शाळा बुडते. इथल्या ग्रामसभेत त्यांना मत नाही आणि कारखान्यात ते सभासद नाहीत, मग त्यांचा विषय लिहिणार कोण? तुमच्या गावात टोळ्या उतरत असतील तर ऑक्टोबरच्या ग्रामसभेला "हंगामात येणाऱ्या तोडणी मजुरांसाठी पाणी, शौचालय व मुलांच्या शिक्षणाची सोय करण्याचा ठराव करणे" हा एक विषय टाका. त्यांच्या वतीनं तुम्हीच सूचक व्हा.

तुम्ही स्वतः अध्यक्ष असाल तर

बचत गट असो, मंडळ असो, विश्रामबागेतली हाउसिंग सोसायटी असो. विषय मागवायला चार दिवस द्या आणि ज्याचा विषय घेतला नाही त्याला कारण सांगा, ते कारण सांगणं हीच अध्यक्षाची परीक्षा असते. प्रत्येक विषयापुढं तीन गोष्टी लिहा: हा माहितीचा आहे, चर्चेचा आहे की निर्णयाचा, मांडणार कोण, आणि किती मिनिटं. निर्णयाचे विषय तीन-चारच ठेवा आणि सुरुवातीच्या तासात घ्या. पैशाचा विषय असेल तर एक पानी हिशेब आदल्या दिवशी ग्रुपवर टाका, साध्या भाषेत, आला किती, गेला किती, देणं किती.

बोलताना आपलं मत शेवटी सांगा. अध्यक्ष पहिल्यांदा बोलला की निम्मी माणसं गप बसतात, मोठ्या माणसापुढं कशाला बोलायचं म्हणून. नवख्यांना, बायकांना, पोरांना आधी विचारा, मग जुन्या जाणत्यांना. ग्रुपवर "कुणाची हरकत नसेल तर मंजूर समजू" असं टाकून निर्णय उरकू नका, रात्री अकराच्या मेसेजवर गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे.

सभा संपल्यावर

घरी जायच्या आधी ठराव लिहिला गेला का ते बघा. ठराव क्रमांक, सूचक-अनुमोदक, नेमकी वाक्यं, कोण करणार आणि कधीपर्यंत. फोटो काढू देत नसतील तर शब्द वहीत उतरवून घ्या. आठवड्याभरात ठरावाच्या नक्कलेसाठी अर्ज द्या, ही नक्कल पंचायत समितीत, निबंधकाकडं, बँकेत सगळीकडं लागते. हजेरीच्या रजिस्टरवर सही करताना वर तारीख आणि सभेचं नाव लिहिलेलं आहे ना ते बघा, कोऱ्या पानावर सही करू नका, कितीही ओळखीचा माणूस असला तरी.

मग कामाचा पाठपुरावा. ठराव झाला म्हणजे पाईपलाईन झाली असं नाही, अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, प्रशासकीय मंजुरी, निविदा, कार्यारंभ आदेश, एवढी सगळी वाट आहे आणि प्रत्येक वळणावर फाईल थांबू शकते. महिन्यातनं एकदा ऑफिसात जाऊन फाईल कुठवर आली ते विचारा आणि तारीख लिहून ठेवा. आणि पुढच्या सभेच्या नोटिशीत "ठराव क्रमांक अमुकची अंमलबजावणी कुठवर आली याचा अहवाल घेणे व मुदत ठरविणे" हा विषय इतिवृत्ताच्या लगेच खाली, दोन नंबरला घ्यावा, असा अर्ज नक्कल मिळाली त्याच दिवशी देऊन टाका, पोच घेऊन.